‘चार्ज’ शब्दाचे ओझे: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

मोबाइल चार्जला लाव. पोलिसांनी लाठीचार्ज केला. नव्या साहेबांनी सोमवारी चार्ज घेतला. डिलिव्हरीचा चार्ज वेगळा पडेल. चार्जशीट दाखल झाले. इंग्रजीच्या वाटेला न गेलेला माणूसही ही पाच वाक्ये सहज बोलतो आणि पाचही वेळा अर्थ बरोबर पोचतो. अडचण सुरू होते ती इंग्रजीत वाचायची आणि लिहायची वेळ आली की. ‘चार्ज्ड’ दिसले की पैसे घेतले, आरोप ठेवला, अंगावर धावून गेला की बॅटरी भरली, हे कसे ओळखायचे? त्याच्या पुढे ‘विथ’ लावायचे की ‘फॉर’? आणि तोच शब्द चार ओळींत चार वेळा आला तर त्याजागी दुसरा कोणता घालायचा?

मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि आता इंग्रजी बिले, ईमेल, बातम्या, करारपत्रे हाताळायची वेळ आलेल्यांसाठी हा लेख आहे. पायऱ्या क्रमाने वाचा. पहिल्या दोन गाळू नका, बाकीच्या गरजेप्रमाणे.

पायरी १: अर्थ पाठ करू नका, ओझे पकडा

शब्दकोश उघडलात तर ‘चार्ज’खाली नाम म्हणून दहाबारा आणि क्रियापद म्हणून तेवढेच अर्थ सापडतील. ते पाठ करण्यात वेळ घालवू नका. या शब्दाचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘कारिकारे’ या क्रियापदात आहे, आणि त्याचा अर्थ गाडीत माल भरणे. ‘कार्रुस’ म्हणजे चाकांची गाडी. फ्रेंचमधून हा शब्द तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. ‘कार’, ‘कॅरी’, ‘कार्गो’, ‘करिअर’ ही सगळी याच घरातली मंडळी. ‘कॅरिकेचर’सुद्धा: एखाद्याच्या नाकावर किंवा मिशांवर चित्रकाराने जरा जास्तच भार टाकला की व्यंगचित्र होते.

म्हणून ‘चार्ज’ दिसला की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: इथे कोणी, कोणावर, कसले ओझे ठेवले आहे? बिलात पैशांचे. कोर्टात गुन्ह्याचे. कचेरीत जबाबदारीचे. बॅटरीत विजेचे. जमिनीवर कर्जाचे.

हे मराठी माणसाला परके वाटायचे कारण नाही, कारण आपल्या भाषेनेही यासाठी ओझ्याचेच शब्द वापरले आहेत. कार्यभार, पदभार, प्रभारी अधिकारी, इंधन अधिभार, विज्ञानाच्या पुस्तकातला धनप्रभार आणि ऋणप्रभार, सात-बाऱ्यावरचा बोजा. ‘आरोप’ हा शब्दही मुळात ‘वर ठेवणे, चढवणे’ या अर्थाचा. झाडाचे रोपण आणि गुन्ह्याचे आरोपण एकाच धातूतून आलेले. सभागृहातले वातावरण भारलेले असते तेव्हा इंग्रज त्याला ‘चार्ज्ड ॲटमॉस्फिअर’ म्हणतो. शब्द तुम्हाला आधीपासून येतो आहे, फक्त लेबल वेगळे.

पायरी २: पुढचा छोटा शब्द बघा

इंग्रजीत अर्थाचा निकाल बऱ्याचदा पुढचे दोन-तीन अक्षरी शब्दच लावतात. ‘चार्ज’च्या बाबतीत तर नक्कीच.

‘चार्ज फॉर’ आले की पैसे. ‘दे चार्ज फॉर पार्किंग’, म्हणजे इथे पार्किंगचे पैसे पडतात.

‘चार्ज विथ’ आले की आरोप, किंवा सोपवलेले काम. ‘ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट’ म्हणजे त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवला. पण ‘द कमिटी इज चार्ज्ड विथ चेकिंग द अकाउंट्स’ म्हणजे हिशेब तपासण्याचे काम समितीकडे सोपवले. ‘विथ’च्या पुढे गुन्हा आहे की काम आहे एवढे पाहिले की गोंधळ मिटतो. दुसऱ्या अर्थी तुम्हाला स्वतः लिहायचे असेल तर ‘एन्ट्रस्टेड विथ’ लिहा. वाचणारा क्षणभरही दचकणार नाही.

‘चार्ज ॲट’ आले की अंगावर धावून येणे. राधानगरीच्या जंगलात गवा समोर आला आणि मान खाली घालून निघाला, तर ‘द गौर चार्ज्ड ॲट अस’.

‘चार्ज टू’ आले की खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा ते. ‘चार्ज इट टू माय रूम’ हे हॉटेलातले नेहमीचे वाक्य: आत्ता पैसे देत नाही, खोलीच्या बिलात लावा. अमेरिकेत दुकानदाराला ‘आय विल चार्ज इट’ म्हटले तर त्याचा अर्थ कार्डावर उधार घेतो असा. फोन चार्जला लावण्याशी त्याचा संबंध नाही.

‘इन चार्ज ऑफ’ आले की जबाबदारी. याची वेगळी पायरी पुढे आहे.

पायरी ३: पैशाचा चार्ज आणि त्याचे नातेवाईक

नवशिक्यांच्या सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे थोडे थांबू. मराठीत आपण भाडे, फी, दर, किंमत, शुल्क, आकार असे वेगवेगळे शब्द नेमके वापरतो. इंग्रजी बोलताना मात्र सगळ्यावर ‘चार्जेस’चा शिक्का मारून मोकळे होतो. बसचे चार्जेस, डॉक्टरचे चार्जेस, भाजीचे चार्जेस. समोरच्याला कळते, पण कानाला खटकते.

‘प्राइस’ वस्तूची. साडीची, टोमॅटोची, फ्लॅटची. दुकानात पाटीवर असते ती प्राइस.

‘कॉस्ट’ म्हणजे तुम्हाला पडलेला खर्च. कपाटाची प्राइस एक असते. ते टेम्पोत घालून तिसऱ्या मजल्यावर चढवेपर्यंत कॉस्ट वेगळीच निघते.

‘फेअर’ प्रवासाचे भाडे: एसटी, लोकल, रिक्षा, विमान. घराचे भाडे मात्र ‘रेंट’. मराठीत दोन्हीला भाडेच म्हणत असल्यामुळे ‘हाउस फेअर’ असे काहीतरी तोंडून निघून जाते.

‘फी’ व्यावसायिकाची किंवा संस्थेची: वकील, डॉक्टर, शाळा, परीक्षा, प्रवेश. ‘टोल’ रस्त्याचा किंवा पुलाचा. ‘रेट’ म्हणजे दर, एका एककामागचा: किलोला, तासाला, चौरस फुटाला. ‘टॅरिफ’ म्हणजे दरांचे पत्रक, विशेषतः विजेचे, फोनचे, हॉटेलच्या खोल्यांचे. आयात मालावरच्या करालाही हाच शब्द. ‘ड्यूटी’ आणि ‘टॅक्स’ सरकारचे. ‘फाइन’ आणि ‘पेनल्टी’ म्हणजे दंड.

मग ‘चार्ज’ कुठे? सेवेच्या मोबदल्यात किंवा मूळ रकमेच्या वर जे लावले जाते तिथे. डिलिव्हरी चार्ज, बँकेचा मिनिमम बॅलन्सचा चार्ज, कॅन्सलेशन चार्ज. मूळ ओझ्यावर आणखी ओझे ठेवले की ‘सरचार्ज’, म्हणजे आपला अधिभार.

सराव घरच्या घरी करायचा असेल तर महावितरणचे बिल काढा. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा ओळी असतात आणि इंग्रजीत त्यांना अनुक्रमे ‘फिक्स्ड चार्ज’, ‘एनर्जी चार्ज’, ‘व्हीलिंग चार्ज’ म्हणतात. तिथेच ‘वीज शुल्क’ अशीही ओळ आहे. ती ‘चार्ज’ नाही, ‘इलेक्ट्रिसिटी ड्यूटी’ आहे, कारण ती रक्कम राज्य सरकारचा कर म्हणून जाते. एका कागदावर ‘आकार’ आणि ‘शुल्क’ यांतला फरक इतका स्वच्छ दिसतो की मला ते बिल व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा बरे वाटते. रक्कम सोडून. ‘चार्ज’ या क्रियापदाला मराठीत ‘आकारणे’ हाच सर्वात नेमका शब्द आहे, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

हॉटेलच्या बिलातला ‘सर्व्हिस चार्ज’ आणि जीएसटी यांतही असाच फरक. जीएसटी हा कर, सरकारकडे जाणारा. सर्व्हिस चार्ज हॉटेल स्वतःसाठी लावते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलांनी तो बिलात आपोआप घालायचा नाही. द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचे. घातलेला दिसला तर म्हणायचे वाक्य सोपे आहे: ‘प्लीज रिमूव्ह द सर्व्हिस चार्ज.’

बोलताना ‘व्हॉट आर युवर चार्जेस?’ हे भारतात सर्रास चालते. भारताबाहेर ‘हाऊ मच डू यू चार्ज?’ म्हणा. कारण इंग्लंड-अमेरिकेत ‘चार्जेस’ असे अनेकवचन ऐकले की बऱ्याच जणांच्या डोक्यात आधी पोलिस येतात. ‘प्रेस चार्जेस’ म्हणजे गुन्हा दाखल व्हावा यासाठी पाठपुरावा करणे आणि ‘ड्रॉप द चार्जेस’ म्हणजे आरोप मागे घेणे. ‘दे ड्रॉप्ड द चार्जेस’ वाचून दर कमी झाले असे समजू नका. दर कमी झाले असते तर ‘रिड्यूस्ड’ किंवा ‘लोअर्ड’ आले असते.

जास्त पैसे लावले तर ‘ओव्हरचार्ज्ड’. मित्राशी बोलताना ‘दे रिप्ड मी ऑफ’ चालेल, तक्रार लिहिताना नाही. तक्रारीत ‘आय वॉज ओव्हरचार्ज्ड बाय टू हंड्रेड रुपीज’ एवढे पुरे. फुकट असेल तर ‘फ्री ऑफ चार्ज’, किंवा जरा मानाने द्यायचे तर ‘कॉम्प्लिमेंटरी’.

पायरी ४: कोर्टातला चार्ज

बातम्या वाचणाऱ्यांनी ही पायरी दोनदा वाचावी. ‘अक्यूज’, ‘अलेज’, ‘ब्लेम’, ‘चार्ज’ हे चारही शब्द समानार्थी म्हणून एकाच रांगेत छापलेले असतात आणि चारांचे वजन निरनिराळे आहे.

‘ब्लेम’ म्हणजे दोष देणे. त्याला कायद्याची गरज नाही. पाऊस पडला नाही म्हणून हवामान खात्यालाही देता येतो. पुढे ‘फॉर’. ‘अक्यूज’ म्हणजे अमक्याने अमुक केले असे ठामपणे म्हणणे. शेजारीही करू शकतो. पुढे ‘ऑफ’. ‘अलेज’ म्हणजे पुरावा अजून समोर नसताना केलेले विधान. म्हणून वार्ताहर सावधपणे ‘अलेजेडली’ लिहितात, जसे आपले वार्ताहर ‘कथित’ लिहितात. ‘चार्ज’ मात्र अधिकृत. तो यंत्रणाच ठेवू शकते. पुढे ‘विथ’.

‘अक्यूज्ड ऑफ’, ‘ब्लेम्ड फॉर’, ‘चार्ज्ड विथ’: या तीन जोड्या तोंडी बसवा. इथे पाठांतराला पर्याय नाही.

भारतातल्या बातम्यांत एक गोंधळ हमखास होतो. आपल्याकडे क्रम असा: आधी एफआयआर, म्हणजे गुन्हा दाखल. याला आपली इंग्रजी वृत्तपत्रे ‘बुक्ड’ म्हणतात. मग तपास. तपास संपला की पोलिस न्यायालयात चार्जशीट देतात, म्हणजे दोषारोपपत्र. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली ते होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर ते कलम १९३ मध्ये आले. आणि इतके झाल्यानंतरही, गंभीर खटल्यांत न्यायालय कागद वाचून स्वतः ‘चार्ज फ्रेम’ करते, म्हणजे आरोप निश्चित करते. तेव्हा ‘चार्जशीटेड’ म्हणजे पोलिसांचे म्हणणे कागदावर आले आणि ‘चार्जेस फ्रेम्ड’ म्हणजे न्यायालयाला खटला चालवण्याइतपत तथ्य वाटले. दोन्हींपैकी एकाचाही अर्थ गुन्हा सिद्ध झाला असा नाही. तो ‘कन्व्हिक्टेड’.

इंग्लंडच्या बातमीत ‘चार्ज्ड बाय पोलिस’ वाचाल तेव्हा तिथे ही पायरी न्यायालयाच्या आधीची असते हे ध्यानात असू द्या. अमेरिकेच्या बातमीत ‘इंडायटेड’ दिसेल. तिथे ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, औपचारिक आरोप ठेवलेला असतो. ‘सू’ करणे हे यांच्या पंक्तीत बसत नाही. तो दिवाणी दावा. ‘ही वॉज सूड’ वाचून त्याला बेड्या पडल्या असे कोणाला सांगत सुटू नका.

पायरी ५: इन चार्ज, आणि एका ‘द’ची करामत

आपल्या कचेऱ्यांत ‘इन्चार्ज’ हे सरळ नामच झाले आहे. स्टोअर इन्चार्ज, शिफ्ट इन्चार्ज, वॉर्ड इन्चार्ज. ‘इन्चार्ज कोण आहे इथं?’ असे विचारले की काउंटरवरचा माणूस मागच्या केबिनकडे बोट दाखवतो. भारतीय इंग्रजीत हे रुळलेले आहे आणि इथे वापरायला हरकत नाही. बाहेरच्या कंपनीला अर्ज पाठवताना मात्र ‘आय वॉज द इन्चार्ज ऑफ स्टोअर्स’ लिहू नका. ‘आय वॉज इन चार्ज ऑफ द स्टोअर्स’ लिहा. त्याहून बरे, काम नेमके सांगणारे क्रियापद निवडा: माणसे हाताखाली असतील तर ‘सुपरवाइज्ड’, पूर्ण विभाग असेल तर ‘हेडेड’ किंवा ‘मॅनेज्ड’, लांबून देखरेख असेल तर ‘ओव्हरसॉ’, एखादेच काम असेल तर ‘रिस्पॉन्सिबल फॉर’.

आता करामत. ‘मीना इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन’ म्हणजे मुलांची जबाबदारी मीनावर. ‘द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ मीना’ म्हणजे मुले मीनाच्या ताब्यात. मध्ये ‘द’ आला की ओझे वाहणारा आणि ओझे यांच्या जागा बदलतात. ‘मीना इज इन द चार्ज ऑफ द चिल्ड्रन’ लिहिलेत तर मुले मीनाला सांभाळत आहेत. घरोघरी ते खरेही असेल, पण लिहायचे ते नव्हते.

जिला सांभाळायचे ती व्यक्तीही ‘चार्ज’. जुन्या धाटणीच्या इंग्रजीत दाई किंवा शिक्षिका आपल्या हवाली केलेल्या मुलांना ‘माय यंग चार्जेस’ म्हणते. इथे पैसेही नाहीत आणि आरोपही नाहीत.

सरकारी पत्रव्यवहारातले ‘अझ्यूम्ड चार्ज’ म्हणजे पदभार स्वीकारला, ‘रिलिंक्विश्ड चार्ज’ म्हणजे सोडला आणि ‘ॲडिशनल चार्ज’ म्हणजे अतिरिक्त कार्यभार. हे शब्द बदलायला जाऊ नका. तिथली भाषा ठरलेली असते. राजनैतिक बातम्यांतला ‘शार्जे दाफेर’ हा याच शब्दाचा फ्रेंच अवतार: राजदूत नसताना दूतावासाचा कारभार ज्याच्याकडे असतो तो. ऑगस्ट २०१९ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांशी असलेले राजनैतिक संबंध खालच्या पातळीवर आणले, तेव्हापासून हा हुद्दा आपल्या वृत्तपत्रांत वरचेवर दिसू लागला.

पायरी ६: बॅटरी, बंदूक आणि घोडे

बंदुकीत किंवा तोफेत एका बारासाठी जेवढी दारू ठासतात तिला ‘चार्ज’ म्हणत. १७४० च्या दशकात विजेवर प्रयोग करताना बेंजामिन फ्रँकलिन यांनी काचेच्या लायडन जारमध्ये वीज साठवण्याला ‘चार्ज’ म्हटले, आणि अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्या तेव्हा त्यांना ‘बॅटरी’ म्हटले. बॅटरी म्हणजे तोफांची रांग. आपल्या खिशातल्या फोनची ही दोन्ही नावे तोफखान्यातून आलेली आहेत.

या अर्थी वापर सोपा आहे. ‘माय फोन इज चार्जिंग’, ‘इट नीड्स चार्जिंग’, ‘इट होल्ड्स इट्स चार्ज फॉर टू डेज’. बॅटरी संपली याला ‘माय फोन इज डेड’ किंवा ‘द बॅटरी हॅज रन आउट’. ‘माय फोन इज डिस्चार्ज्ड’ व्याकरणात बसते, पण फोनबद्दल सहसा असे कोणी म्हणत नाही. खोक्यावर छापलेला मिलिॲम्पिअर-तासाचा आकडा हा प्रभाराचेच माप आहे: ५००० मिलिॲम्पिअर-तास म्हणजे १८,००० कूलोम. विद्यार्थ्यांना परीक्षेत उपयोगी पडेल, बाकीच्यांनी विसरले तरी चालेल.

हल्ल्याचा अर्थ ओझ्याच्या हिशेबात तितका चोख बसत नाही. पूर्ण वजनानिशी अंगावर येणे, एवढ्यावर काम भागवा. घोडदळाचा हल्ला हे त्याचे नमुनेदार उदाहरण. २३ सप्टेंबर १९१८ रोजी, पहिल्या महायुद्धात, आजच्या इस्राएलमधले हैफा शहर घेताना जोधपूर लान्सर्सनी केलेला ‘कॅव्हलरी चार्ज’ प्रसिद्ध आहे. दिल्लीतले तीन मूर्ती स्मारक त्या मोहिमेतल्या संस्थानी घोडदळांचे. असा युद्धाचा घोडा म्हणजे ‘चार्जर’. जेवणाच्या थाळीखाली शोभेसाठी ठेवतात ती मोठी ताटलीही ‘चार्जर’, कारण तिच्यावर पदार्थ लादत. मेजवानीच्या निमंत्रणात ‘गोल्ड चार्जर्स’ वाचून फोनची वायर घरी ठेवून जाऊ नका.

लाठीचार्ज हा शब्द भारतीय इंग्रजीचा. मराठी वृत्तपत्रे लाठीमार म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘बॅटन चार्ज’. समानार्थी ‘ॲटॅक’, ‘रश’, ‘स्टॉर्म’; पैकी ‘स्टॉर्म’ इमारतीत किंवा किल्ल्यात घुसण्यासाठी, मोकळ्या मैदानासाठी नाही.

पायरी ७: ओझे उतरवणारा ‘डिस्चार्ज’

‘डिस’ लागला की ओझे खाली. पण प्रत्येक क्षेत्रात मराठी शब्द वेगळा येतो, आणि भाषांतर करणाऱ्यांची फजिती इथेच होते.

रुग्णालयातून डिस्चार्ज म्हणजे घरी सोडणे. जखमेतून डिस्चार्ज म्हणजे स्राव. धरणातून डिस्चार्ज म्हणजे विसर्ग. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत किंवा कोयना धरणातून कोयनेत सोडलेल्या पाण्याचे आकडे क्युसेकमध्ये येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. लष्करातून डिस्चार्ज म्हणजे सेवामुक्ती. कर्जातून डिस्चार्ज म्हणजे कर्जफेड किंवा कर्जमुक्ती.

‘डिस्चार्ज वन्स ड्यूटीज’ हा प्रयोग मात्र नवख्याला चकवतो. वाटते, कामावरून काढले. खरे म्हणजे कर्तव्य पार पाडले. गाडीतला माल ठिकाणावर नेऊन उतरवला, काम झाले. ‘शी डिस्चार्ज्ड हर ड्यूटीज वेल’ ही शाबासकी आहे. ‘शी वॉज डिस्चार्ज्ड फ्रॉम हर ड्यूटीज’ लिहिलेत की नोकरी गेली. एक ‘वॉज’ आणि एक ‘फ्रॉम’ यांनी केवढा फरक पडला बघा. शिफारसपत्र लिहिताना जपून.

न्यायालयातही हा शब्द नेमका आहे. आरोप निश्चित होण्याआधीच, पुरेसा आधार नाही म्हणून सोडले तर ‘डिस्चार्ज’, मराठीत दोषमुक्त. खटला पूर्ण चालून सुटला तर ‘ॲक्विटल’. मराठीत निर्दोष मुक्तता. ओझे चढण्याआधीच उतरवले की चढवून, तोलून मग उतरवले, असा हा भेद.

‘रिचार्ज’ म्हणजे पुन्हा भरणे. मोबाइलचा सगळ्यांना माहीत आहे. भूजलाच्या अहवालात ‘ग्राउंडवॉटर रिचार्ज’ दिसेल, त्याला मराठीत पुनर्भरण. विहीर पुनर्भरणाच्या योजना गावागावांत आहेतच.

पायरी ८: कागदपत्रांतला चार्ज

घर, शेत किंवा गाडी कर्जावर घेणाऱ्यांनी हा अर्थ जाणून घेतलाच पाहिजे, कारण इथे चुकीचा अर्थ लावला तर खिशाला बसते. कर्जाच्या करारात ‘चार्ज ऑन द प्रॉपर्टी’ म्हणजे मालमत्तेवर लावलेली फी नव्हे. त्या मालमत्तेवर बँकेचा हक्क नोंदवला आहे, असा त्याचा अर्थ. सात-बाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेच्या किंवा सोसायटीच्या नावाने जो बोजा चढतो, तोच हा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मध्ये ‘चार्ज’ची व्याख्या आहे, आणि ती ‘मॉर्गेज’हून वेगळी ठेवली आहे. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध हस्तांतरित होतो; चार्जमध्ये तसे न होता फक्त येणे त्या मालमत्तेवर सुरक्षित केलेले असते. ‘लिन’ म्हणजे येणे फिटेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क. ‘एन्कम्ब्रन्स’ हा सगळ्यांना पोटात घेणारा शब्द, म्हणजे कुठलाही भार. गाडीच्या आरसी बुकावर ‘हायपोथिकेशन’ लिहिलेले असते: गाडी तुमच्याकडे, भार बँकेचा.

कर्ज फिटले की बोजा आपोआप उतरतो असे धरून चालू नका. बँकेकडून ना-हरकत दाखला घेऊन तलाठ्याकडे तो कमी करण्याची नोंद करून घ्यावी लागते. गाडीसाठी आरटीओकडे फॉर्म ३५ लागतो. इंग्रजी अर्जात लिहायचे वाक्य: ‘काइंडली रिमूव्ह द चार्ज फ्रॉम द रेकॉर्ड.’ इथे ‘चार्ज’च ठेवा, ‘फी’ किंवा ‘अमाउंट’ नको.

पायरी ९: बदलून पाहा

समानार्थी शब्द खरा की नावापुरता, हे तपासायची रीत एकच. वाक्यात ‘चार्ज’ काढून तो शब्द घाला. वाक्य उभे राहिले तर ठीक. त्यानंतर पुढचा छोटा शब्दही बदलावा लागतो का ते पाहा. ‘चार्ज्ड विथ’च्या जागी ‘अक्यूज्ड’ घातला तर ‘ऑफ’ आणावाच लागेल. समानार्थी शब्दांच्या यादीत ‘बिल’, ‘अक्यूज’, ‘रश’, ‘फिल’, ‘एन्ट्रस्ट’ असे पाच दिशांचे शब्द एकत्र ठेवलेले असतात. यादीतून डोळे मिटून उचललात तर ‘आय एम अक्यूजिंग माय फोन’ असे वाक्य तयार होईल.

आता हे वाक्य सोडवा, खालचे उत्तर झाकून ठेवा: ‘द डॉक्टर इन चार्ज डिस्चार्ज्ड द पेशंट, चार्ज्ड हिम नथिंग, अँड वॉज लेटर चार्ज्ड विथ निग्लिजन्स.’

प्रभारी डॉक्टरांनी रुग्णाला घरी सोडले, एक पैसाही आकारला नाही, आणि पुढे त्यांच्यावर हलगर्जीपणाचा आरोप ठेवला गेला. समानार्थी शब्द घालून तेच वाक्य: ‘द डॉक्टर रिस्पॉन्सिबल सेंट द पेशंट होम, बिल्ड हिम नथिंग, अँड वॉज लेटर अक्यूज्ड ऑफ निग्लिजन्स.’ शेवटच्या बदलात वजन थोडे कमी झाले, कारण ‘अक्यूज्ड’ला यंत्रणा लागत नाही. ते वजन तुम्हाला हवे असेल तर तिथला ‘चार्ज्ड’ तसाच राहू द्या, बाकीचे बदला.